फेस्क्यूचं वेळापत्रक सोलापुरात का चालत नाही, आणि हरळीच्या लॉनचं खत-तणाचं वर्ष कसं बसवावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. जुळे सोलापुरात बंगल्यापुढं दीड हजार चौरस फुटांचं हरळीचं लॉन आहे. उन्हाळ्यात ते पिवळं पडतं, पावसाळ्यात लव्हाळा वर येतो आणि कडुनिंबाखालच्या पट्ट्यात गवत धरतच नाही. मुलगा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात असतो. त्याच्या दारापुढं टॉल फेस्क्यू नावाचं गवत आहे, झाडाच्या सावलीतसुद्धा हिरवंगार. त्यानं तिकडचं खत-तणनाशकाचं वर्षभराचं वेळापत्रक पाठवलंय आणि दिवाळीला येताना बी आणतो म्हणतोय. फेस्क्यू लावावं का, आणि लावायचं नसेल तर तेच वेळापत्रक हरळीला चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

फेस्क्यू लावू नका. आणि ते वेळापत्रक हरळीला जसंच्या तसं लावलंत तर नुकसान होईल, कारण त्यातली बहुतेक कामं आपल्याकडे नेमकी चुकीच्या महिन्यात पडतात. मुलाचं काही चुकलेलं नाही. त्याच्या गवताला आणि त्याच्या मातीला ते अगदी बरोबर आहे. ते का बरोबर आहे हे एकदा लक्षात आलं की आपलं वेळापत्रक आपल्याला बसवता येतं, म्हणून आधी तिकडचं सांगतो.

फेस्क्यू हे थंड हवेचं गवत. त्याची पाती १५ ते २४ अंशांत जोमानं वाढते आणि मुळांना तर त्याहून गार माती लागते, १० ते १८ अंशांची. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले शहराच्या आसपास जुलैतलं दुपारचं तापमान सरासरी ३२ अंशांच्या घरात असतं, जानेवारीत रात्री पारा शून्यापर्यंत उतरतो आणि पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो. अशा ठिकाणी फेस्क्यूची खरी वाढ सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि मग मार्च ते मे अशी दोन टप्प्यांत होते. मधला उन्हाळा ते नेट धरून काढतं. म्हणून तिथं खत सप्टेंबर, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत देतात, प्रत्येक वेळी हजार चौरस फुटांना साधारण ४५० ग्रॅम नत्र (नायट्रोजन), म्हणजे आपल्या हिशेबात एक किलो युरिया. मार्चच्या मध्यानंतर नत्र बंद. उन्हाळ्याच्या तोंडावर नत्र पाजलं की पाती लुसलुशीत होते आणि दमट, उबदार रात्री ‘ब्राऊन पॅच’ नावाची बुरशी त्यावर तुटून पडते. लॉनमध्ये गोल गोल चकत्या करपतात. कापणीही उंच ठेवतात, तीन-साडेतीन इंच, म्हणजे गवताची सावली गवताच्याच मुळांवर पडते आणि माती गार राहते.

तणांचंही तसंच. तिकडचा मुख्य त्रास म्हणजे क्रॅबग्रास, हे उन्हाळी वार्षिक गवत. वरच्या थरातली माती वसंतात सलग काही दिवस १३ अंशांच्या आसपास राहिली की त्याचं बी उगवायला लागतं. म्हणून फॉर्सिथिया या झुडपाची पिवळी फुलं दिसली की उगवणीपूर्व तणनाशक टाकायचं, असा तिथला ठोकताळा आहे. रुंद पानांची तणं ऑक्टोबर-नोव्हेंबरात फवारून मारतात. आणि फेस्क्यू गुच्छानं वाढतं, हरळीसारखं धावत नाही. पडलेली खिंडारं ते स्वतः भरून काढत नाही. त्यामुळे दर सप्टेंबरात वरून नवं बी टाकावं लागतं. जिथं बी टाकायचं तिथं उगवणीपूर्व तणनाशक वापरता येत नाही, कारण ते तणाचं बी आणि फेस्क्यूचं बी यांत फरक करत नाही. तुमच्या मुलाला ही एवढी शेवटची गोष्ट आवर्जून सांगा.

आता सोलापूर. आपल्याकडे मार्चमध्येच दुपारी ३६-३७ अंश होतात, एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि मे महिन्याच्या रात्रीही २५ अंशांखाली फारशा येत नाहीत. फेस्क्यूचा जीव दुपारच्या उन्हापेक्षा या रात्रींमुळे जातो. इतक्या उष्णतेत त्याच्या पानातलं अन्न बनवण्याचं काम अर्धवट होतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडला जातो, आणि गरम रात्री श्वसनात साठा खर्चच होत राहतो. मुळं आखूड होत जातात आणि मग कितीही पाणी घाला, ते पाणी उचलायला खाली काही उरत नाही. नोव्हेंबरात पेरलेलं फेस्क्यू दहा-पंधरा दिवसांत उगवेल, संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा अगदी देखणं दिसेल, आणि शिमग्यानंतर विरळ होत होत एप्रिलमध्ये जागा मोकळी करेल. मोकळ्या जागेत जूनमध्ये काय उगवतं हे तुम्हाला ठाऊक आहे.

पिशवीवर ‘केंटकी ३१’ असं फेस्क्यूच्या वाणाचं नाव लिहिलेलं असेल आणि दुष्काळ सोसणारं म्हणून त्याची ख्याती मुलानं सांगितली असेल, तर ती ख्याती खोटी नाही. १९३१ मध्ये केंटकीतल्या एका डोंगरउतारावरच्या शेतात हे गवत नजरेत भरलं, तिथून ते निवडलं गेलं आणि १९४३ मध्ये प्रसारित झालं. पण ते काटक आहे ते थंड गवतांमध्ये. हरळीच्या पंक्तीत ते बसत नाही. शिवाय पेरणीचं बी परदेशातून आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बॅगेत टाकून आणायची ती वस्तू नव्हे. बियांबरोबर येणारी रोगकीड आपल्या ज्वारी-गव्हाच्या शिवारात परवडणारी नाही.

हरळी याच्या अगदी उलट वागते. ती उष्ण हवेचं गवत. ३० ते ३५ अंशांत ती सर्वांत वेगानं धावते आणि फेस्क्यू जिथं गुदमरतं तिथं ती अन्न बनवत राहते. थंडीत रात्री १५ अंशांच्या आसपास आल्या की ती सुस्तावते. म्हणजे नोव्हेंबर आणि फेब्रुवारीतलं खत, जे फेस्क्यूला सोन्यासारखं, ते हरळीच्या तोंडाशी अशा वेळी येतं जेव्हा ती खाऊ शकत नाही. ते खत मग खातात थंडीत वाढणारी तणं. खत गवताच्या वाढीला द्यायचं असतं, महिन्याला नव्हे. माझं सारं वेळापत्रक यावरच उभं आहे.

अजून एक गोष्ट, ती फार महत्त्वाची. मुलाच्या यादीत दर दोन-तीन वर्षांनी चुना टाकायचा असं असणारच. तिकडची माती आम्लधर्मी असते, तिला चुना लागतो. आपली माती बेसॉल्टच्या कातळावरची काळी, सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वरच, आणि खाली चुनखडीचे खडे. तुमच्या लॉनमध्ये फूटभर खणलंत तर पांढरे खडे हाताला लागतील. यात आणखी चुना टाकणं म्हणजे पिवळेपणा विकत घेणं. चुन्याची ओळ यादीतून खोडून टाका.

त्या पिवळेपणाकडेच येतो, कारण दहातल्या आठ घरी लोक त्यावर युरिया टाकतात आणि तो बऱ्याचदा नत्राचा प्रश्नच नसतो. खाली बसून पाती नीट बघा. जुनी, खालची पानं सरसकट फिकी झाली असतील तर नत्र कमी आहे. पण कोवळी, वरची पानं पिवळी आणि त्यात बारीक हिरव्या रेघा उभ्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता. लोह आपल्या मातीत भरपूर आहे, पण सामू जास्त आणि मुक्त चुना जास्त असला की ते मुळांना घेता येत नाही. बोअरचं जड पाणी रोज रोज दिलं की हे आणखी वाढतं; काळी माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि पाण्यातली बायकार्बोनेटं साचत जातात. म्हणून उन्हाळ्यात लॉन पिवळं दिसलं की माणूस पाणी वाढवतो, पाणी वाढवलं की ते जास्त पिवळं होतं.

खात्री करून घ्यायची सोपी रीत आहे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा. खाटेएवढ्या तुकड्यावर ऊन उतरल्यावर फवारा. दोन-तीन दिवसांत तेवढाच तुकडा हिरवा झाला तर रोग सापडला. मग सगळ्या लॉनला हीच फवारणी दर तीन आठवड्यांनी द्या, दीड हजार फुटांना आठ-दहा लिटर द्रावण पुरतं. फरशीवर, पायरीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात ते निघत नाहीत. जमिनीतून लोह द्यायचं असेल तर साधं फेरस सल्फेट मातीत टाकून उपयोग नाही, चुना त्याला लगेच धरून बसतो. चिलेटेड लोहातही, म्हणजे दुसऱ्या रेणूत धरून विरघळतं ठेवलेल्या लोहातही, ईडीटीए प्रकार आपल्या सामूत टिकत नाही. ईडीडीएचए प्रकार मागा. डाळिंबवाले आणि द्राक्षवाले तोच वापरतात, त्यामुळे आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात तो मिळतो. महाग असतो, पण थोडा लागतो.

आता वर्ष बसवू. मी लॉनचं वर्ष मृगापासून धरतो.

मृगाचा पहिला शिडकावा झाला म्हणून खत टाकू नका. काळ्या मातीच्या भेगा मिटेपर्यंत थांबा; दोन चांगले पाऊस झाले आणि माती वीतभर ओली झाली की पहिला हप्ता. हजार फुटांना दोन किलो अमोनियम सल्फेट, तुमच्या लॉनला तीन किलो. त्यात २० टक्क्यांच्या वर नत्र असतं आणि गंधकही, आणि ते आपल्या चुनखडीच्या मातीत युरियापेक्षा जास्त मानवतं. युरियाच वापरायचा झाला तर हजार फुटांना ९०० ग्रॅम पुरे, आणि टाकल्या टाकल्या पाणी. तापलेल्या, अल्कधर्मी मातीवर तो उघडा राहिला की त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. दोन्ही खतं पाती कोरडी असताना फेकायची. थोड्या वाळूत मिसळून एकदा उभं, एकदा आडवं फेकलं तर पट्टे उमटत नाहीत.

दुसरा हप्ता तेवढाच, आषाढीच्या वारीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला. आपल्याकडे या काळात पाऊस ओढ देतो. ओढ दिली असेल तर आधी पाणी द्या, मग खत. सप्टेंबरात मात्र हात आवरा. सोलापूरचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला, उत्तरा आणि हस्ताचा. तेव्हा टाकलेलं नत्र पहिल्याच झडीत वाहून जातं किंवा तुंबलेल्या काळ्या मातीत वायू होऊन उडतं. हस्त सरला, दसरा झाला की ऑक्टोबरच्या मध्यावर तिसरा हप्ता द्या. हा नत्रात थोडा कमी, हजार फुटांना दीड किलो अमोनियम सल्फेट, आणि बरोबर अर्धा किलो पोटॅशियम सल्फेट. थंडीत आणि पुढच्या उन्हाळ्यात मुळांना त्यातलं पालाश (पोटॅश) कामी येतं. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त असतं, पण त्यातलं क्लोराईड बोअरच्या खारट पाण्यात आणखी भर घालतं, म्हणून मी टाळतो.

नोव्हेंबर ते जानेवारी काहीच नको. आठ-दहा दिवसांनी पाणी, हवी तर लोहाची फवारणी.

चौथा हप्ता फेब्रुवारीच्या शेवटी ते गुढीपाडव्याच्या आत, रात्री उबदार झाल्या की. त्याआधी लॉन नेहमीपेक्षा खाली कापून घ्या, वाळलेला चोथा दाताळ्यानं ओढून काढा, फोर्कनं चार-चार इंचांवर खोल भोकं पाडा. हजार फुटांना दीड ते दोन किलो अमोनियम सल्फेट. पण ही मात्रा तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी असेल तरच. दीड हजार फुटांना इंचभर पाणी द्यायचं म्हणजे साडेतीन हजार लिटर लागतात आणि मे महिन्यात आठवड्यातून एकदा एवढं दिलं तरी ते पुरत नाही. नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात आपण राहतो. पाणी नसेल तर पाडव्याचं नत्र सोडून द्या, गवत थोडं उंच ठेवा आणि हरळीला वाळू द्या. हरळी वाळते, मरत नाही. जमिनीखालच्या तिच्या कांड्या जिवंत असतात आणि मृगात ती आठवड्याभरात पुन्हा हिरवी होते. मी लोकांना हे कळकळीनं सांगतो: मे महिन्यात तपकिरी दिसणारं हरळीचं लॉन आजारी नसतं. टँकर मागवून ते हिरवं ठेवण्याचा अट्टाहास या जिल्ह्यात करू नये.

स्फुरद (फॉस्फरस) मी मुद्दामच सांगितलं नाही. ते माती तपासल्याशिवाय टाकू नका, जास्त स्फुरद लोहाला आणखी अडवतं. तपासणीत सामू, क्षारता, मुक्त चुना आणि सोडियम एवढं बघून घ्या. जिप्समही सोडियम जास्त निघालं तरच.

तणांकडे वळतो. तुमच्या लॉनमधलं निम्मं तण शेणखतातून आलंय, असं मी न बघता सांगू शकतो. दर जूनला ट्रॉलीभर शेणखत पसरायची आपल्याकडे पद्धत आहे. न कुजलेल्या शेणखतात माठ, घोळ, केना, गाजरगवत, सगळ्यांचं बी जिवंत असतं. आणि गाळाची किंवा विकतची माती आणली की तिच्यातून लव्हाळ्याच्या गाठी येतात. चाळलेलं गांडूळखत बोटभर थराऐवजी पातळ भुरभुरवा. नाहीतर वर्षभर पूर्ण कुजलेलं, आतून तापून थंड झालेलं शेणखतच वापरा. एवढं पाळलं तर दोन पावसाळ्यांत फरक दिसतो.

लव्हाळा हा वेगळाच प्राणी. त्याची काडी बोटांत फिरवून बघा, तिधारी लागते. लॉन कापल्यावर दोनच दिवसांत जे हरळीच्या वर डोकं काढतं ते तेच. खाली तपकिरी गाठींची माळ असते, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशी धाग्यानं जोडलेली. उपटलं की वरची गाठ निघते, धागा तुटतो आणि खालच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. म्हणून माळी बायका दर आठवड्याला उपटतात आणि लव्हाळा दर आठवड्याला वाढतो. तुरळक असेल तर खुरप्यानं गाठीसकट, ओल्या मातीत, आठ-दहा इंच खोल जाऊन काढा. जागोजागी पसरला असेल तर उपटणं थांबवा.

त्यावर चालणारं औषध म्हणजे हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के. पंढरपूर, माळशिरस, मोहोळकडचे ऊसवाले ते चांगलं ओळखतात. उसात एकरी ३६ ग्रॅम असं त्याचं प्रमाण आहे, म्हणजे दीड हजार फुटांना सव्वा ग्रॅम. हे प्रमाण चमच्यानं किंवा अंदाजानं घेऊ नका, सराफी काट्यावर तोलून घ्या. सहा-सात लिटर पाणी, त्यात चिकटद्रव्य. पाकिटावर ऊस, मका असं पीक लिहिलेलं असतं, लॉन नसतं. हरळी हे औषध सोसते, तरीही आधी कोपऱ्यातल्या दहा बाय दहाच्या तुकड्यावर मारून पंधरा दिवस थांबा. ‘सिलेक्शन’ किंवा ‘मेक्सिकन’ जातीचं लॉन असेल तर हे थांबणं आणखी गरजेचं.

वेळ जुलैतली, लव्हाळा चार-पाच पानांवर जोमात असताना. फवारणीआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस कापणी नको, म्हणजे औषध पानातून गाठीपर्यंत उतरतं. त्या दिवशी पावसाचं चिन्ह नको. दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही म्हणून पुन्हा मारू नका. त्याला पिवळं पडायला दोन आठवडे आणि वाळायला तीन-चार आठवडे लागतात. दीड-दोन महिन्यांनी उरलेल्यावर दुसरी फवारणी. पहिल्या वर्षी बराचसा जातो, झोपलेल्या गाठी दुसऱ्या पावसाळ्यात वर येतात, तेव्हा पुन्हा. दोन-तीन हंगाम लागतात. एका फवारणीत लव्हाळा संपवतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका. हातमोजे, तोंडाला मास्क, फवारा वाळेपर्यंत लेकरं आणि जनावरं लांब, आणि पंप धुतलेलं पाणी गटारात किंवा फुलझाडांत नको.

बियांपासून येणाऱ्या तणांसाठी पेंडीमिथॅलिन ३० टक्के, हजार फुटांना ३० मिली. नॉर्थ कॅरोलिनात फॉर्सिथिया फुलतो तेव्हा जे काम करतात ते आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी, मृगाच्या आधी. फवारल्यावर अर्धा इंच पाणी द्यावंच लागतं, नाहीतर ते उन्हात उडून जातं. हे फक्त बी उगवू देत नाही. उगवलेल्या तणावर आणि लव्हाळ्याच्या गाठीवर त्याचा काही परिणाम नाही. नवीन लावलेल्या, अजून मिळून न आलेल्या लॉनवर ते वापरू नका, कारण हरळीच्या धावत्या पेरांना फुटणारी मुळंही ते रोखतं. कपड्यांना आणि फरशीला पिवळे डाग पडतात. सप्टेंबरच्या पावसावर गाजरगवत आणि एकदांडीची दुसरी लाट येते, ती मी हातानंच काढतो. ओली माती असते, फुलावर येण्याआधी सगळं मुळासकट निघतं.

रुंद पानांच्या तणांसाठी दुकानदार टू-फोर-डी हे तणनाशक पुढं करेल. हरळीला ते चालतं, पण शहरातल्या बंगल्यात मी ते वापरत नाही. त्याचा वारा द्राक्षाला, टोमॅटोला, पपईला, कापसाला लागतो आणि पानं वाकडी होतात. शेजाऱ्याच्या गच्चीतल्या कुंड्याही जातात. त्यातला ईस्टर प्रकार तर उन्हात वाफ होऊन लांबवर जातो. होटगी रोड, अक्कलकोट रोडच्या बाजूला बंगल्यांना लागून बागा आहेत, तिथं तर अजिबात नको. दुधी, आंबुटी, केना एवढ्यासाठी खुरपं पुरतं. ग्लायफोसेट हरळीसकट सगळंच मारतं, आणि त्याचा वापर कीडनियंत्रकांमार्फतच व्हावा असा आदेश केंद्रानं २०२२ मध्ये काढलेला आहे. आणि कुणी तणावर खडेमीठ टाकायला सांगितलं तर ऐकू नका, आपल्या मातीत आणि बोअरच्या पाण्यात मीठ आधीच जास्त आहे.

तरीही तणाचा खरा बंदोबस्त औषधात नाही, दाट हरळीत आहे. तणाच्या बीला उगवायला ऊन लागतं आणि लव्हाळ्याला तर सावली मुळीच सोसत नाही. हरळी इंच-सव्वा इंचावर ठेवा, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कापा, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. महिनाभर वाढू देऊन मग एकदम बुडखापर्यंत कापलं की माती उघडी पडते आणि तिथंच तण बसतं. पातं धारदार ठेवा. कापलेलं बारीक गवत तिथंच पडू दिलं तरी चालतं, त्यातलं नत्र मातीतच जातं. तणाला तुरे आलेले असतील तेव्हा मात्र गोळा करा.

राहिला कडुनिंबाखालचा पट्टा. फेस्क्यू सावलीत टिकतं हे मुलाचं म्हणणं खरं आहे, आणि हरळीला दिवसाचं सहा तास ऊन लागतं हेही खरं. त्यामुळे तिथं हरळी पुन्हा पुन्हा लावून पैसे घालवू नका. खालच्या फांद्या उतरवून थोडं ऊन आत आलं तर सावलीतलं रुंद पानांचं गवत, रोपवाटिकेत ज्याला बफेलो किंवा शेड लॉन म्हणतात, ते धरू शकेल; पण त्याला हरळीपेक्षा पाणी जास्त लागतं. मला विचाराल तर त्या पट्ट्यात शहाबादी फरशीचे तुकडे मोकळ्या सांध्यांनी बसवा आणि कडेनं सावलीतली झाडं लावा. कडुनिंबाची आडवी मुळं वरच्या थरात पसरतात, फरशीखाली काँक्रीट ओतू नका, मुरूम आणि वाळूवर बसवा.

आत्ता एप्रिल संपत आलाय. या आठवड्यात लॉनमध्ये पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे सहा इंच खोल खड्डे घेऊन माती मिसळा, अर्धा किलो पिशवीत भरून माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. अहवाल मृगाच्या आत हातात आला तर पहिल्या हप्त्याचं प्रमाण तुमच्या मातीप्रमाणे ठरवता येईल. तोपर्यंत लोहाची ती छोटी फवारणी करून बघा, आणि पाणी रोज थोडं देण्याऐवजी पाच-सहा दिवसांतून एकदा पहाटे भरपूर द्या. अहवालातले सामू, क्षारता आणि मुक्त चुन्याचे आकडे कळवलेत तर पुढचं सांगतो.